मागून चालणारा जॅक

हाय स्ट्रीटवरचं रेल्वेचं फाटक पडलं, आम्ही थांबलो, आणि माझ्या मागे फरसबंदीवर नखं वाजली. दोन-चारदा वाजली आणि थांबली. मग डाव्या पोटरीला ऊब लागली, जाड मोज्यातूनही कळेल अशी. बुधवारची दुपार, त्या दिवशी दुकानं अर्धा दिवसच उघडी असतात, आणि ती बंद होण्याची वेळ. आजूबाजूला सायकली, पिशव्या, ढकलगाडीत रडणारं एक पोर, आणि समोर एक मालगाडी, जिचे डबे संपायला तयार नव्हते. असल्या गलबल्यात कुत्र्याची नखं ऐकू यायचं काही कारण नव्हतं, पण मला आली. मी मान ताठ केली आणि डब्यांवरची कोळशाची धूळ बघत राहिले. मी हॅदरबी गावची आहे, आणि अशा वेळी मागे बघायचं नाही हे आमच्याकडे मुलींना चालता येण्याआधी शिकवतात. लिंकन शहरात येऊन माझी निम्मी हयात गेली, पण इथे तो कधी आला नव्हता. आणि आला तो आज, माझ्या उजव्या हाताला सिरिल उभा असताना. पंचाईत हीच होती की सिरिल उभा होता.

आमच्या जॅकबद्दल बाहेर काहीबाही बोललं जातं. शेजारच्या नॉरफोकवाल्यांकडेही एक काळा कुत्रा आहे. तो दिसला की वर्षाच्या आत माणूस मरतो म्हणतात. असेल. नॉरफोकवाल्यांचं सगळंच तसं. आमचा जॅक सालस. बाई एकटी असली, बिटाच्या शेतातून नाहीतर बाजाराच्या बसवरून उतरून कालव्याकाठच्या वाटेने घरी निघाली, की अ‍ॅशच्या झाडापासून तो मागे लागतो आणि चर्चच्या कुंपणात खिंडार आहे तिथपर्यंत सोबत करून निघून जातो. भुंकत नाही, पुढे येत नाही. आपण मागे बघायचं नाही, बोलायचं नाही, हात लावायचा नाही. तो वासराएवढा आहे, काळाकुट्ट आहे, डोळे बशीएवढे आहेत. मागे न बघता हे डोळे मोजले कुणी, असं मी लहानपणी विचारलं तेव्हा थर्झामावशीने माझ्या तोंडात मनुका घातलेल्या प्लमब्रेडचा तुकडा कोंबला होता. पुरुषांना तो ऐकूही येत नाही. ‘‘त्यांना स्वतःचाच आवाज पुरतो,’’ मावशी म्हणायची. आणि बाईबरोबर पुरुष असला तर जॅक येतच नाही, कारण सोबत झालेली असते. मात्र पुरुष बरोबर असूनही तो आला, तर पोरीने काय ते समजून घ्यायचं: शेजारी माणूस आहे आणि तरी तू एकटीच आहेस. म्हणून आमच्याकडे लग्नाची घोषणा चर्चमध्ये व्हायच्या आधी मुलगी आणि मुलगा ती वाट एकदा चालून येतात. मुलाला कुणी काही सांगत नाही, त्याला वाटतं आपण फिरायला निघालो. वाटेच्या शेवटी चार बायका वाळलेली चादर पुन्हा वाळत घालत उभ्या असतात आणि फक्त मुलीच्या चेहऱ्याकडे बघतात. विचारत कुणीच नाही.

मीही चालले होते एकदा, एर्नेस्टबरोबर, एकोणीस-वीस वर्षांची असताना. चांगला मुलगा होता, कालव्याच्या दरवाजांवर नोकरी, दात सरळ. तो डुकरांच्या भावाबद्दल बोलत होता आणि अ‍ॅशच्या झाडापाशी नखं वाजली. मी चर्चपर्यंत पोचले तेव्हा माझ्या चेहऱ्याकडे बघून बायकांनी चादर गुपचूप घडी करून नेली. मी शहरात आले. एर्नेस्टने पुढे डॉलीशी लग्न केलं, दोघंही चांगली गोल झाली, आणि ती इतकी सुखात आहेत की बघवत नाही. डॉलीला मी एकदा न राहवून विचारलं, तुला तेव्हा वाटेवर काही ऐकू आलं होतं का? ‘‘मला?’’ ती म्हणाली, ‘‘अगं, मी त्या वाटेवर अशी काही बडबडत होते की पलटण गेली असती मागून, तरी कळलं नसतं!’’ हे ऐकून मी आठवडाभर नीट जेवले नव्हते. पण माझ्या आत खोल रुतून बसलं होतं ते डॉलीचं बोलणं नव्हे, माझ्या आईचं. एर्नेस्टचं फिसकटलं त्या रात्री ती वाटाणे सोलत बसली होती आणि मान वर न करता म्हणाली होती, ‘‘केलंस ते बरं केलंस, हेटी. तुझ्या बापाबरोबर चालताना तो अजूनही येतो. रोज.’’ एवढंच. मग वाटाण्यांची सालं गोळा करून ती कोंबड्यांना घालायला गेली. माझा बाप वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. फ्रान्सच्या खंदकांतून परत आल्यावर तो फक्त बोलायचा थांबला होता. दोघं बाजारातून येताना मी खिडकीतून बघायची, खांद्याला खांदा लावून येणारी दोन माणसं, आणि त्या दिवसानंतर मला त्यांच्या मागे नेहमी एक मोकळी जागा दिसायला लागली.

फाटक उघडलं. लोक सुटले. सिरिल म्हणाला, ‘‘चल, बस चुकेल,’’ आणि त्याचा आवाज जरा चिरका लागला. मी चालू लागले, मागे नखं चालू लागली. सिरिल स्वतः शहराची बस चालवतो, चढावर गिअर टाकताना जीभ बाहेर काढतो, आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या बसमध्ये बसला की डोळे मिटून घेतो, कारण दुसऱ्याचं ब्रेक मारणं त्याला सोसत नाही. मी एका मोठ्या दुकानात हातमोज्यांच्या काउंटरवर आहे. लोकांचे हात उशीवर टेकवून घ्यायचे, मोज्यात पावडर मारायची, एकेक बोट खाली ओढून बसवायचं, हे माझं काम. सहा-सात महिन्यांपूर्वी तो आला आणि म्हणाला, डाव्या हाताचा हरवलाय, डावा एक मिळेल का? मी म्हटलं, साहेब, मोजे जोडीने येतात. तो इतका गंभीरपणे विचारात पडला की मला हसू फुटलं, आणि मला हसताना बघून तो जोडी घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. उजवा हरवला म्हणाला. खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात हे मला त्या दिवशी कळलं. त्याची बायको मेबल वारून तेव्हा वर्ष झालं होतं. पंचेचाळिशी उलटल्यावर असं काही होतं हे मला ठाऊक नव्हतं. मी सकाळी पावडरचा डबा उघडताना गुणगुणायला लागले होते, शेजारच्या टोप्यांच्या काउंटरवरची पोरगी डोळे मिचकवायची, आणि मला त्याचा राग यायचा नाही. रविवारी आमची नावं चर्चमध्ये वाचली जाणार होती. आज त्याला हॅदरबीला मावशीकडे चहाला न्यायचं ठरलं होतं. ही सगळी मौज, हा सगळा उशिराचा बहर, आणि मागे ती नखं. म्हणजे हाही? म्हणजे सिरिलच्या शेजारीसुद्धा मी एकटीच?

बसमध्ये जॅक चढला नाही. सिरिल डोळे मिटून बसला, हात गुडघ्यांवर, आणि त्या हातांवर माझ्याकडचे मोजे. मी खिडकीतून बिटाची काळी शेतं बघत स्वतःशी सौदा करत होते. शहरातली नखं खरी धरायची नाहीत. शहरात काय, कुणाचंही कुत्रं असतं. आपली वाट तेवढी खरी. अ‍ॅशच्या झाडापासून आवाज आला नाही तर रविवारी नावं वाचली जातील. आला तर मी खिंडारापाशी थांबून त्याला सांगेन की नाही जमणार. का ते सांगणार नाही. आई जे पदरात बांधून आयुष्यभर चालली ते मला नको. एवढं ठरलं आणि मी पिशवीतला मावशीसाठी आणलेला हॅस्लेटचा, डुकराच्या मांसाच्या भाजलेल्या वडीचा, पुडा उगाच दाबून बघितला. बस दर थांब्यावर गचके खात होती आणि सिरिल डोळे मिटूनच कण्हत होता, ‘‘अरे बाबा, दुसरा गिअर, दुसरा.’’ एरवी मी हसले असते.

उतरलो. ऊन छान पडलं होतं, कालव्याचं पाणी भरून होतं, पलीकडे कुणीतरी ट्रॅक्टर चालवत होतं. अ‍ॅशचं झाड आलं. गेलं. मी चार पावलं मोजली नाहीत तोवर गवतातून वाटेवर उतरल्याचा आवाज आला, आणि मग खडीवर ती ओळखीची चाल, जड, निवांत, घाई नसलेली. पोटरीला ऊब लागली. मला रडू आलं नाही, आला तो राग, आणि तोही जॅकचा. म्हटलं, मेल्या, तुला काय कळतं? तू मोजे विकलेस का कधी? हा माणूस जोडीतला एकेक मोजा हरवल्याचं खोटं सांगत माझ्याकडे येतो, आणि तू मागून येऊन मला सांगतोस की मी एकटी आहे? पण मान मात्र मी वळवली नाही. खिंडार दिसायला लागलं, त्याच्या पलीकडे मावशीचं दार, दारात मावशी, हातात चादर. मी थांबले. म्हटलं, ‘‘सिरिल, मला तुला काहीतरी सांगायचंय.’’

‘‘थांब, आधी मी सांगतो,’’ तो म्हणाला. कान लालभडक. ‘‘आधीच सांगायला हवं होतं, पण धीर झाला नाही. फाटकापासून सांगीन म्हणतोय. हेटी, तुला कुत्र्यांचं वावडं तर नाही ना?’’

‘‘कुत्र्यांचं?’’

‘‘काही बायकांना चालत नाहीत. केस होतात. पण ही घरात येत नाही. दारापर्यंतच येते.’’

‘‘ही कोण?’’

‘‘ही काय,’’ असं म्हणून तो सरळ मागे वळला आणि खाली वाकला. ‘‘मेबल गेली ना, त्यानंतर डेपोतून घरी जाताना मागे यायला लागली. कुणाची आहे माहीत नाही. लोकांना विचारलं तर त्यांना दिसत नाही म्हणतात, म्हणून मग मी विचारणंच सोडलं. म्हणतील, ड्रायव्हरचं डोकं फिरलं, आणि काढून घेतील बस. म्हातारी आहे बिचारी. मी तिला म्हातारेच म्हणतो. काय गं म्हातारे? आज एवढ्या लांब आलीस?’’

माझ्या मागे खाजवल्याचा आवाज येत होता. केसाळ, दाट कानामागे बोटं फिरवल्याचा, मोज्यासकट. मी मोज्यांच्या धंद्यातली, तो आवाज मला कळतो. आणि कुणीतरी समाधानाने सुस्कारा सोडला, जो सिरिलचा नव्हता.

‘‘ती?’’ मी म्हटलं. मान अजून पुढेच. ‘‘सिरिल, तो जॅक आहे.’’

‘‘जॅक कसला? नीट बघितलं नाहीस तू. पिल्लं झालेली आहेत हिला, एकदा तरी.’’

‘‘डोळे केवढे आहेत?’’

‘‘डोळे कुत्र्याएवढे. एकात मोतीबिंदू आहे.’’

‘‘आणि ती बसच्या आधी इथे पोचली कशी?’’

‘‘तिला थांबे नाहीत ना घ्यायचे,’’ सिरिल म्हणाला, आणि ड्रायव्हर म्हणून त्याला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. मग उभा राहून, टोपी हातात घेऊन, जमिनीकडे बघत तो म्हणाला, ‘‘मला वाटलं होतं, आता तू आहेस म्हटल्यावर ही येणार नाही. आज येणार नाही असंच वाटलं होतं. पण हे तुला कसं सांगायचं याच विचारात होतो सकाळपासून. आणि आली. तुला नको असेल तर तसं सांग, हेटी. मी समजू शकतो.’’

मी वळले. हॅदरबीतल्या किती बायका किती वर्षं ज्या वाटेवर मान आखडून चालल्या, त्याच वाटेवर भर उन्हात वळले. सिरिलच्या पायाशी खडी थोडी दबलेली होती आणि त्याच्या मोज्यावर एक काळा, राठ केस चिकटलेला होता. बाकी मला काही दिसलं नाही. पण ऊब होती, आता पोटरीला नाही, तळहाताला, कारण माझा हात मी न विचारताच पुढे झाला होता. मला इतका आनंद झाला की तो हात मी तसाच राहू दिला. ती माझ्या मागे आलीच नव्हती. ती माझ्या एकटेपणाची साक्ष द्यायला आली नव्हती. शेजारचा माणूस सकाळपासून एक गोष्ट एकट्याने वाहत होता, म्हणून त्याच्या सोबतीला आली होती बिचारी. मी हसायला लागले, कालव्यावरची बदकं उडाली, आणि सिरिलला आधी वाटलं मी त्याला हसतेय. मग मी त्याला सगळं सांगितलं, जॅक, चादर, एर्नेस्ट, नॉरफोकवाले, सगळं. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाला, ‘‘म्हणजे एर्नेस्टच्याही मनात काहीतरी असणार तेव्हा.’’

‘‘एर्नेस्टला? तो डुकरांच्या भावाबद्दल बोलत होता.’’

‘‘मग तर नक्कीच,’’ सिरिल म्हणाला.

मावशी दारात चादर घेऊन उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने रीत मोडली. माझ्या चेहऱ्यावरून तिला काही कळेना. ‘‘आला का नाही?’’ तिने विचारलं, सिरिलच्या देखत. मी म्हटलं, ‘‘आली. याची आहे.’’ तिला आत नेलं, खुर्चीत बसवलं, सांगितलं. थर्झामावशी ऐंशीला टेकलेली, तिने तरुणपणी एका खोगीर शिवणाऱ्याला याच कुत्र्यापायी नकार दिला होता. मला भीती वाटली की हे तिला सोसणार नाही. ती बराच वेळ सिरिलच्या मोज्यावरचा केस चष्म्याजवळ धरून बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘मादी! आणि मी साठ वर्षं पुढे बघून मान आखडून घेतली!’’ आणि हसायला लागली ती अशी की तिच्या कवळीची काळजी वाटावी. ‘‘मावशी, तो खोगीरवाला...’’ मी म्हटलं. ‘‘त्याचे पाय फेंगडे होते गं,’’ ती डोळे पुसत म्हणाली. ‘‘कुत्रं नसतं आलं तरी नाहीच म्हणाले असते. पण एक सांगू? त्या दिवशी तो घाबरलेला असणार. मी तेव्हा फार देखणी होते.’’ सिरिलने हॅस्लेट कापायला घेतलं. किटली शिट्टी मारायला लागली, आणि मावशीने डोळे पुसायचे एकदम थांबवले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, ‘‘तुझा बाप, हेटी.’’

तिने म्हणायच्या आधीच माझ्या मनात ते येऊन उभं राहिलं होतं. बाजारातून येणारी ती दोघं. आईला वाटत राहिलं की जॅक तिच्यासाठी येतो, शेजारी नवरा असून ती एकटी म्हणून. आणि जॅक, म्हातारी, जे काय असेल ते, रोज त्या बापामागे चालत होतं, जो फ्रान्समधून असं काहीतरी घेऊन आला होता की कुणाला सांगता येईना. त्याला ते ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. पण त्याला सोबत होती. मी त्या खिडकीतून बघायची ती मोकळी जागा मोकळी नव्हती. मी मावशीच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचं भांडं घेऊन, माझ्या मेलेल्या बापासाठी खूश झाले. आईसाठी जीव तुटला, तोही तिथेच. दोघंही वळून बघती तर! मावशी म्हणाली, ‘‘रड रड. पण चहा ओतून रड, कडू होतोय.’’

परत निघालो तेव्हा ऊन अजून होतं. मावशीने सिरिलचा हात दोन्ही हातांत धरून रविवारी पुढच्या बाकावर बसणार असल्याचं जाहीर केलं आणि चादर घरात नेली. आम्ही खिंडार ओलांडून वाटेला लागलो. कालवा, गवत, ट्रॅक्टर. मी कान देऊन चालत होते. खडीवर आमचीच पावलं, त्याची जड, माझी टाचांची. बाकी काहीही नाही. थोडं आणखी चालून बघितलं. नाहीच. मी आयुष्यात इतकी हलकी कधी चालले नसेन. वाटलं, धावत सुटावं, या वयात, या बुटांत. त्याच्या पोटात लपवलेलं काही राहिलं नव्हतं, माझ्याही नाही, सोबत पुरी झाली होती, म्हणून कुणी आलं नव्हतं. मावशीच्या शास्त्रात एवढं तरी खरं होतं. मी हे सिरिलला सांगायला वळले, तर तो मागे राहिला होता. अ‍ॅशच्या झाडापाशी उभा राहून गवतात बघत होता. जीभ वरच्या ओठावर, चेहरा एवढासा.

‘‘नाही आली,’’ तो म्हणाला.

‘‘नाही ना!’’ मी म्हटलं.

‘‘आता येणारच नाही का गं?’’

माझ्या आनंदाला असा कोपरा असेल हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मेबल गेल्यानंतर जिने त्याला डेपोतून घरी पोचवलं, तिला तो माझ्यापायी मुकणार होता, आणि तरी रविवारबद्दल एक शब्द मागे घेत नव्हता. आईबापांना जे साधलं नाही ते एवढंसंच होतं बहुतेक, मागे बघायचं आणि विचारायचं. मी त्याच्या मोज्याचं एक बोट नीट ओढून बसवलं, सवयीने. म्हटलं, ‘‘सिरिल, मी तुला मधूनमधून एकटं सोडत जाईन. चालेल?’’

त्याने विचार केला. ‘‘आठवड्यातून एकदा?’’

‘‘पाहिजे तेव्हा. आत्तासुद्धा.’’

आणि मी पुढे निघाले, टाचा वाजवत, मुद्दाम भराभर. मागे वळले नाही. वाटेच्या वळणापर्यंत काही ऐकू आलं नाही. वळणावर मला सिरिलचा आवाज आला. आधी दबका, मग मोकळा. तो कुणाला तरी सांगत होता, मावशीचं, हॅस्लेटचं, रविवारचं, एवढी वाक्यं त्याने माझ्याशी सबंध महिन्यात बोललेली नव्हती. मी मुख्य रस्त्याला पोचले तेव्हा बस आलेली होती. मी एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून उभी राहिले.

‘‘बाई, चढायचंय की नाही?’’ कंडक्टर ओरडला. ‘‘कुणाची वाट बघताय?’’

‘‘माझ्या नवऱ्याची,’’ मी म्हटलं. तो शब्द मी पहिल्यांदाच उच्चारत होते. ‘‘येतोय. थोडं बोलणं राहिलंय त्या दोघांचं.’’